बालपणी मंदावणारी श्रवणशक्ती

प्रसूतिगृहात बाळाच्या कानात इवलासा बोंडू घालून यंत्राने श्रवणाची चाचणी घेण्याची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. ‘पास’ असा शेरा मिळाला की आईबाप निश्चिंत होतात. परंतु तो शेरा त्या दिवसापुरताच असतो. काही मुलांची श्रवणशक्ती त्यानंतर, दोन-चार वर्षांच्या वयात, मंदावू लागते. हेलन केलर १८८२ साली, १९ महिन्यांची असताना, एका दुखण्यात दृष्टी व श्रवण दोन्ही गमावून बसली. असा आघात घराला लपत नाही. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते गुपचूप होणाऱ्या ऱ्हासाविषयी. तो खुद्द मुलासही कळत नाही. जेवढे ऐकू येते तेवढेच जग, अशी त्याची समजूत असते.

कारणे अनेक आहेत. आनुवंशिक दोष कधी कधी जन्मानंतर बऱ्याच काळाने प्रकट होतो. गर्भावस्थेत सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूची बाधा झालेले बाळ आरंभी चांगले ऐकते व पुढे ऐकेनासे होते, असेही घडते. गोवर, गालगुंड, जेंटामायसिनसारखी औषधे ही आणखी काही. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, होऊन गेला असेल तर श्रवणपरीक्षा काही आठवड्यांच्या आतच व्हावी. कारण अंतःकर्णातील शंखाकृती भागात हाड धरू लागले की कॉक्लियर इम्प्लांट बसविणे कठीण होते. सर्वांत अधिक आढळते ते मात्र साधेच: पडशानंतर कर्णपटलामागे चिकट द्रव साचतो. पुष्कळदा तो दुखत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. बहुधा तो आपोआप ओसरतो. तीन महिने टिकला तर कानाच्या डॉक्टरांकडे जावेच. कानात कोमट तेल ओतण्याने तो जात नाही.

मागून टाळी वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षा आम्हांस अपुरी वाटते. टाळीचा आवाज मोठा, आणि सावली हलली तरी मूल वळतेच. शिवाय पुष्कळ मुलांना प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. ‘आ’, ‘ओ’ कानी पडतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. हाक मारल्यावर ओ देणाऱ्या मुलास ‘सात’ म्हटलेले ‘आत’ असे ऐकू येते. मग कोण म्हणेल त्याला ऐकू येत नाही!

आमच्या गोव्यात यात आणखी एक गुंता आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी. शुद्धलेखनात शब्द चुकला की ‘घरची भाषा निराळी’ हे कारण तयारच असते. आमची मातृभाषाही कोकणीच. हे कारण पुष्कळदा खरे असते हे आम्ही जाणतो, आणि म्हणूनच ते फसवे आहे. पालकांनी एवढेच पाहावे: आजी पाठीमागून हळू आवाजात कोकणीत बोलली, तरीही मूल वारंवार ‘कितें?’ म्हणून विचारते काय? तसे असेल तर दोष मराठीचा नव्हे. बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावणे, एकच कान पुढे करणे, टीव्हीचा आवाज वाढविणे, पूर्वी स्पष्ट असलेले उच्चार बोबडे होणे, ही चिन्हेही तशीच. वर्गात अशा मुलास ‘लक्ष नसते’ असा शेरा मिळतो, तो अन्यायाचा होय.

तीन वर्षांच्या मुलाचीही श्रवणपरीक्षा नीट होऊ शकते. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकावयाचा, असा तो खेळच असतो. त्याहून लहान बाळ निजलेले असता, डोक्याला तारा लावून श्रवणमज्जेची प्रतिक्रिया मोजता येते. शाळांतून २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते व तीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. परंतु डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्येक मुलामागे थोडीच मिनिटे येतात. वर्षभर त्याच्या शेजारी बसणारे विद्यार्थिमित्र आणि घरची माणसे यांनी जे पाहिले असेल, ते वर्गशिक्षकांना आधीच कळवावे; म्हणजे त्या मुलाचे नाव यादीत अग्रभागी घालता येईल.