चंद्रभूमीचा कंप आणि सीमांचे कार्य

घंटेचा नाद थोड्याच वेळात विरतो; चंद्रावर मात्र एकच आघात सुमारे तासभर घुमत राहिला. 20 नोव्हेंबर 1969 रोजी ‘अपोलो 12’च्या चांद्रयानाचा रिकामा भाग चंद्रावर आदळविण्यात आला. 70 किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या कंपमापकावर कंप 7-8 मिनिटे वाढत गेले व मग फार सावकाश ओसरले.

याचे कारण काय? उल्कांच्या माऱ्याने चंद्राचे वरचे कवच वेडेवाकडे तडकलेले आहे. तेथे तरंग पदोपदी विखुरतो. पाण्यात शाईचा थेंब पसरावा तशी त्याची ऊर्जा पसरते.

पण ती जाणार कोठे? वर निर्वात पोकळी आहे. तेथे ध्वनीला वाट नाही. म्हणून पृष्ठभाग ऊर्जा परत फिरवतो. खालची सीमा निराळी. खोल, अखंड खडकात शिरलेली ऊर्जा सहसा माघारी येत नाही. भेगा कोरड्या असल्याने ऊर्जा उष्णतेत जिरते, तीही अल्पच.

म्हणून अभ्यासकाने सीमांचा हिशेब आधी मांडावा. खाली निसटलेली ऊर्जा जिरली असे मानले, तर खडक आहे त्याहून अधिक शोषक भासेल आणि चंद्राच्या अंतरंगाविषयीचा निष्कर्षच चुकेल.