राज्याची दुहेरी विभागणी : महसुली हद्द आणि स्वराज्य संस्थेची हद्द



राज्यात विभाग, विभागात जिल्हे, जिल्ह्यात तालुके आणि तालुक्यात गावे व शहरे, अशी एकच उतरंड बहुतेक उत्तरपत्रिकांत आढळते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. महाराष्ट्राची भूमी एकाच वेळी दोन निरनिराळ्या तत्त्वांनी विभागलेली असून, या दोन रचना एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

पहिली विभागणी महसुली होय. विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी ही तिची साखळी. हे सर्व नेमलेले अधिकारी आहेत. राज्यस्थापनेच्या वेळी, १९६० साली, महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि ही संख्या ३६ झाली. प्रशासकीय विभाग सहा आहेत. येथे एक सावधगिरी बाळगावी : प्रशासकीय विभाग आणि आपण बोलण्यात वापरतो तो प्रदेश एकच नव्हेत. विदर्भात नागपूर व अमरावती असे दोन विभाग येतात, तर नाशिक विभागात खानदेशाबरोबर अहिल्यानगरही आहे.

दुसरी विभागणी स्थानिक स्वराज्याची. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी तिला घटनात्मक आधार दिला. ग्रामीण भागात जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत. नागरी भागात महानगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत. नगरपरिषद ही जिल्हा परिषदेच्या हाताखालची पायरी आहे, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः शहरी मतदार जिल्हा परिषदेसाठी मतदानच करीत नाही. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे पूर्णतः नागरी असल्याने तेथे जिल्हा परिषद नाही. म्हणून जिल्हे ३६, पण जिल्हा परिषदा ३४.

गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते, हे मग कोण ठरवते? घटनेच्या अनुच्छेद २४३-क्यू मध्ये लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल, शेतीबाहेरील रोजगाराचे प्रमाण असे निकष सांगितले आहेत. परंतु अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्याचा आहे. हरकती मागवल्या जातात, मात्र ग्रामसभेची संमती बंधनकारक नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत नाजूक जागा हीच. कारण ज्या संस्थेचे अस्तित्व पणाला लागते, तिच्या हाती निर्णय नसतो.

पुण्यालगतच्या फुरसुंगी व उरुळी देवाची या गावांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. पुणे शहराचा कचरा या परिसरात अनेक वर्षे येऊन पडत होता, गावे मात्र शहराच्या हद्दीबाहेर होती. २०१७ मध्ये अकरा गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, त्यांत ही दोन होती. त्याबरोबर ग्रामपंचायती विसर्जित झाल्या, ग्रामसभा उरली नाही आणि कर आकारण्याचा अधिकार महापालिकेकडे गेला. वाढलेल्या मिळकतकराच्या मानाने सुविधा मिळत नाहीत, ही तक्रार पुढे इतकी तीव्र झाली की २०२४ मध्ये या दोन गावांसाठी स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. म्हणजे सात वर्षांच्या आत तेथील नागरिक ग्रामपंचायत, महानगरपालिका आणि नगरपरिषद अशा तीन संस्थांच्या अधिकाराखाली आले. या सर्व काळात त्यांचा जिल्हा पुणेच राहिला. स्वराज्य संस्थेची हद्द बदलली तरी महसुली हद्द जागच्या जागी राहू शकते, हे येथे स्पष्ट दिसते.

स्वयं-अध्ययन : आपल्या घराच्या मिळकतकराची अथवा घरपट्टीची पावती आणि जमिनीचा सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक शेजारी ठेवा. दोन्हींवर कोणत्या कार्यालयाचे नाव आहे? त्यांपैकी कोणत्या संस्थेचे पदाधिकारी आपण मताने निवडता, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.