तुरीचे रोगप्रतिकारक वाण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वरण, गुजरातेतील आंबटगोड दाळ आणि तमिळनाडूतील सांबार या तिन्हींसाठी तूरडाळ लागते. देशभर खाल्ल्या जाणाऱ्या या तुरीच्या पिकाला दोन रोगांनी दीर्घकाळ ग्रासले होते. त्यांवर कशी मात करण्यात आली, याची माहिती आपण या पाठात घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• मर आणि वांझ या रोगांतील फरक सांगू शकाल;
• रोगप्रतिकारक वाण कसा तयार होतो, हे स्पष्ट करू शकाल;
• शुद्ध बियाण्याचे महत्त्व सांगू शकाल.

मूळ पाठ

तूर फुलोऱ्यावर येते आणि शेतकऱ्याची आशा पालवते. नेमक्या त्याच वेळी मधूनमधून झाडे सुकू लागतात. जमिनीत ओल असूनही ती वाळतात. खोड उभे चिरले, तर आत काळसर रेघा दिसतात. हा 'मर' रोग होय. त्याची बुरशी मातीतून मुळांत शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या निकामी करते. पीक निघाल्यावरही ती धसकटांत काही वर्षे टिकते. त्यामुळे केवळ फवारणीने तिचा नायनाट होत नाही.

दुसरा रोग अधिक फसवा आहे. त्यात झाड मरत नाही, ते झुडपासारखे वाढत राहते. पाने मात्र लहान व फिकट होतात आणि फुले-शेंगा धरत नाहीत. म्हणूनच याला 'वांझ' रोग म्हणतात. अतिसूक्ष्म कोळी कीड त्याचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते.

यावर उपाय बियाण्यातच शोधावा लागला. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवलेल्या जमिनीत तुरीचे अनेक नमुने पेरले गेले. दुबळी झाडे मेली. जी तगली, त्यांचे बी राखून पुन्हा त्याच जमिनीत पेरले. या कसोटीतून निवडलेला 'मारुती' हा वाण १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झाला. त्याचे मूळ महाराष्ट्रातील एका स्थानिक तुरीत आहे. मारुती मर रोगाला दाद देत नसे, पण वांझ रोगाला बळी पडे. पुढे दोन वाणांच्या संकरातून 'आशा' हा वाण निर्माण झाला आणि १९९३ साली प्रसारित झाला. त्यात दोन्ही रोगांना तोंड देण्याची शक्ती होती.

तरीही देशातील तुरीचे सरासरी उत्पादन अनेक दशके हेक्टरी ७०० ते ८०० किलोच्या आसपासच रेंगाळले. ते वाढवण्यासाठी शास्त्रज्ञांनी तुरीच्या रानटी नातलगाच्या साहाय्याने नर-वंध्य झाडे तयार केली व त्यांपासून संकरित वाण घडवले. असा एक वाण २०१० साली मध्य प्रदेशात प्रसारित झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मधमाश्या एका शेतातील तुरीचे पराग दुसऱ्या शेतात नेतात. त्यामुळे घरचे बी वर्षानुवर्षे वापरल्यास वाणाची शुद्धता आणि तिच्याबरोबर रोगप्रतिकारशक्तीही कमी होते. म्हणून बियाण्याची तूर इतर तुरीपासून दूर पेरावी आणि ठरावीक काळाने खात्रीचे बी आणावे. शास्त्रज्ञाने अनेक वर्षे खपून मिळवलेले यश शेतकऱ्याच्या दक्षतेनेच टिकते.

पाठगत प्रश्न

१. मर रोगावर केवळ फवारणी का पुरेशी ठरत नाही?
२. 'मारुती' व 'आशा' या वाणांत कोणता फरक आहे?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याशी बोलून तो बियाणे कसे राखतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.