पथकाचा ग्रुप रात्री किती वाजता झोपतो?

गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला की पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. त्या दिवसांत पंधरा-सोळा वर्षांची मुलं डोकेदुखी, चिडचिड, सकाळी उठवत नाही अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. आईबाबांना वाटतं, ढोलाचा आवाज बाधला. खोदून विचारलं की कळतं, सराव साडेनऊला संपतो, पण पथकाचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री एकपर्यंत जागा असतो. उत्तर दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी गप्पांत आपण बाहेर पडू, ही भीती त्या वयात फार खरी असते.

तेरा ते अठरा या वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा पाझरतं, त्यात उशापाशी फोन वाजत राहिला तर झोपेचे तुकडे पडतात. शाळा-कॉलेज मात्र सकाळचंच असतं. यावर साधा उपाय ॲडमिनच्या हातात आहे. ग्रुपवर फक्त ॲडमिननेच संदेश टाकावेत, अशी सोय सेटिंगमध्ये असते. रात्री दहाला ती लावावी आणि सकाळी काढावी. मुलांना एकेकट्याने फोन बाजूला ठेवायला सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण मग कुणीच मागे पडत नाही.

आता अधिक गंभीर मुद्दा. पथकात चौदा वर्षांची मुलगी आणि तिशीतला वादक एकाच रांगेत असतात, आणि ग्रुपमुळे दोघांकडे एकमेकांचे नंबर असतात. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना पथकाच्या कामाचा निरोप ग्रुपवरच द्यावा. वेगळा मेसेज करावाच लागला तर त्यात पालक किंवा दुसरा एखादा जबाबदार दादा-ताई असावेत. आपोआप पुसले जाणारे मेसेज तर नकोतच. चांगल्या माणसांना हा नियम कधीकधी लागतो, अविश्वास दाखवल्यासारखा वाटतो. पण त्यांचंही त्यात संरक्षण आहे, आणि हा नियम पथकप्रमुखांनाही लागू हवा.

मिरवणुकीतले फोटो, रील सगळ्यांना हवेसे वाटतात. तरी एखादीचा चेहरा जवळून टाकण्याआधी तिला विचारा, अल्पवयीन मुलांना टॅग करू नका, सरावाची जागा आणि वेळ त्यासोबत लिहू नका. कुणी ‘काढून टाक’ म्हटलं तर कारण न विचारता काढा. खालच्या कमेंटमध्ये तिच्या अंगावर, रंगावर काय लिहिलं गेलं हे ती पुन्हा पुन्हा वाचते, आणि मग जेवण टाळू लागते. अशा मुली मी तपासल्या आहेत.

मुलगा किंवा मुलगी अचानक सरावाला येईनासे झाले, फोन कुणाला हात लावू देईनात, पोट दुखतं म्हणू लागले, पैसे मागू लागले, तर धमकीची शक्यता मनात आणा. अनोळखी खात्यावरून ओळख वाढवायची, खासगी फोटो मिळवायचे आणि मग पैसे मागायचे, या जाळ्यात मुलगेही अडकतात आणि लाजेने गप्प राहतात. अशा वेळी पहिलं वाक्य एवढंच असू द्या: ‘यात तुझी चूक नाही.’ पैसे देऊ नका. चॅट पुसू नका, खात्याच्या नावासकट स्क्रीनशॉट ठेवा आणि मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा. मुलांसाठी 1098 आहे. अठरा वर्षांखालच्यांचे खासगी फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो.

‘पथकाचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असं कृपा करून म्हणू नका. अल्पवयीनाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं 2012च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर त्या मुलाला एकटं सोडू नका. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

यंदा नावनोंदणीच्या फॉर्मवर रक्तगटाच्या रांगेखाली आणखी दोन रांगा छापून घ्या: फोटो टाकायला पालकांची संमती आहे का, आणि काही खटकलं तर मुलांनी कुणाला सांगायचं. त्या दुसऱ्या रांगेत एका ताईचं आणि एका दादाचं नाव असू द्या.