इस्पितळाची धास्ती : १८९६ आणि २०२०

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात नगरपालिकेने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम काढला. लोक बिथरले. तिथे माणसांचे तेल काढतात, अशा अफवा उठल्या आणि २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला.

यातला पेच नीट पाहा. घरचे लोक रोग्याला लपवून ठेवीत. तो अखेरच्या घटकेला इस्पितळात पोचे आणि दगावे. मग शेजारी म्हणत, "बघा, तिथे मारतातच!" म्हणजे भीतीला पुरावा भीतीच पुरवीत होती. या लोकांना अडाणी म्हणून हिणवणे मात्र आम्हांस पटत नाही. सोवळे, पडदा कशाचीही पर्वा न करता परके लोक घरात शिरत होते. पुढे पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ निघाले, मुंबईतही निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे काढली. आपली माणसे दिसली, तसा विश्वास वाढला.

आपल्या इंदूरातही १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखलमध्ये कोरोनाच्या तपासणीस गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. जखमी झालेल्या दोन महिला डॉक्टर लगेच पुन्हा कामावर हजर झाल्या! त्याच महिन्यात केंद्राने १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकूमाने सुधारणा केली. आरोग्यसेवकाला गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद तेव्हाची.