छायाचित्राखालचे नाव
(छायाचित्रण शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याच्या निमित्ताने काही समकालीन छायाचित्रकारांचा अभ्यास)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. तो सध्या मुंबईत छायाचित्रणाचे शिक्षण घेत आहे. दहावीनंतर त्याने विज्ञान शाखा घ्यावी, ते न जमल्यास निदान डी.एड. करून एखाद्या शाळेत स्थिर व्हावे, असा आमचा त्या वेळी आग्रह होता. त्याने तो मानला नाही. स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा आहे, असे आम्ही बोलता बोलता म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "सर, मी ज्यांचे काम पाहून शिकतो आहे त्यांच्याविषयी लिहा. घरच्यांना अजून वाटते की फोटोग्राफी म्हणजे लग्नाचा अल्बम." लग्नाच्या अल्बमवर अनेक घरे चालतात, तेव्हा त्यास कमी लेखण्याचे कारण नाही, असे आम्ही त्यास सुनावले. परंतु त्याची मागणी योग्य वाटली. पुढे दोन संध्याकाळी त्याने आम्हांस छायाचित्रे दाखविली आणि ती कशी पाहावीत हेही शिकविले. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे त्यात थोडी इतिहासाची भर घातली आहे.

कॅमेरा या देशात आला तेव्हा आपली माणसे त्याच्या पुढे होती, मागे नव्हती. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. देशातील जाती-जमातींची छायाचित्रे त्यांत आहेत. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यावर पाटी असावी तशी बहुतेक छायाचित्रांखाली जातीची किंवा जमातीची पाटी आहे. ज्या माणसाचा चेहरा आहे त्याचे नाव क्वचितच सापडते. याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेचे. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी कृष्णवर्णीयांची 363 छायाचित्रे अल्बमांमध्ये मांडली. नीटनेटका पोशाख केलेली, ताठ बसलेली, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी ही माणसे होती. याच डुबॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली पत्र लिहिले होते. आपल्या घराघरांत बाबासाहेबांचे सूट परिधान केलेले छायाचित्र असते. आपल्या मुलाने आयुष्यात पाहिलेले पहिले छायाचित्र बहुधा तेच असते. छायाचित्र माणसास लहान करू शकते तसे ताठ उभेही करू शकते, हे आपल्या समाजास कोणत्याही महाविद्यालयात न जाता ठाऊक आहे. प्रश्न पुढचा आहे. जो माणूस अजून सूट घालू शकलेला नाही, ज्याच्या हातात अजून झाडू आहे, त्याचे छायाचित्र कसे काढावे? काढावे की काढूच नये?

या प्रश्नाशी सुधारक ओलवे यांनी अनेक वर्षे झुंज दिली आहे. मुंबईचे हे छायाचित्रकार 1988 पासून वृत्तपत्रांसाठी काम करीत आले. वृत्तपत्राचे काम रोजच्या घाईचे असते; मंत्र्यांची सभा, पाऊस, संप. त्या घाईतून वेळ काढून त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. गटाराच्या तोंडातून छातीपर्यंत वर आलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगात उघड्या हातांनी काम करणारी माणसे, आणि कामानंतर घरी परतलेली तीच माणसे. बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. आमच्या विद्यार्थ्याने त्याचे एक कारण सांगितले ते पटले. रंगीत छायाचित्रात कचऱ्यातील प्लास्टिकचे लाल-निळे तुकडे डोळ्यांस आधी खेचतात. कृष्णधवलात नजर प्रथम चेहऱ्याकडे जाते. या कामाची दखल नॅशनल जिऑग्राफिकने घेतली, पुढे 2016 साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. पण आम्हांस पुरस्काराहून महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी कामगाराबरोबर त्याच्या घराच्या उंबऱ्याच्या आतही पाऊल टाकले. गटारात उतरलेला मनुष्य कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी पती आहे, हे त्यामुळे प्रेक्षकास विसरता येत नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. हा विद्यार्थी नववीत असताना स्नेहसंमेलनात मुलांच्या चित्रांचे व हस्तकलेचे प्रदर्शन होते. त्याने मामाचा कॅमेरा आणून चार-पाच छायाचित्रे काढली होती. त्यांत एक त्याच्या वडिलांचे होते. पहाटेची वेळ, रिकामा रस्ता, हातगाडीवर दोन्ही हात टेकून उभे असलेले वडील, गाडीवर नगरपालिकेचा क्रमांक. प्रमुख पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी आम्ही ते छायाचित्र फलकावरून उतरविले. "वडिलांना चारचौघांत वाईट वाटेल," असे आम्ही त्यास सांगितले. वाईट वाटणार होते ते आम्हांस, वडिलांस नव्हे. त्यांना आम्ही विचारलेसुद्धा नव्हते. ते त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' वर्गात शिकविणाऱ्या माणसाच्या हातून हे घडले. मुलाने त्या वेळी काही म्हटले नाही. ते छायाचित्र मात्र आम्ही फेकले नाही. एका जुन्या फाईलमध्ये ते राहिले.

ओलव्यांनंतर त्याने एम. पलनी कुमार यांचे नाव घेतले. हे तमिळनाडूचे, मदुराईकडचे. शिक्षणाने अभियंते. त्यांच्या आई मासळी विकून घर चालवीत. कॅमेरा हाती आल्यावर पलनी कुमारांनी जी माणसे टिपली त्यांत त्यांच्या आई आहेत. बाजारातील त्यांचे अंधारातले कष्ट त्यांनी छायाचित्रांतून मांडले. 2017 साली दिव्या भारती यांनी हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर 'कक्कूस' हा माहितीपट केला. त्याचे छायाचित्रण पलनी कुमारांचे आहे. 2013 चा कायदा ही प्रथा बेकायदा ठरवितो, आणि तरीही माणसे गटारांत मरत राहतात. कायदा कागदावर आहे आणि मृत्यू रस्त्यावर आहे, यांमध्ये पुरावा म्हणून जे उभे राहते ते बहुधा छायाचित्र असते. पलनी कुमार सध्या पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संस्थेत काम करतात. त्यांचे छायालेख तेथे मराठीतही वाचावयास मिळतात, म्हणून पालकांनी ते अवश्य वाचावेत. ते श्रमिकांच्या मुलांना कॅमेरा शिकवितात हेही नोंदवावेसे वाटते. आपल्यासारख्या वसतिगृहात असा एखादा वर्ग का असू नये, ही सूचना आम्ही संचालक मंडळापुढे ठेवीत आहोत.

पलनी कुमारांना 2022 साली जो पहिला 'दयानिता सिंग–परी' पुरस्कार मिळाला, तो ज्यांच्या नावाने आहे त्या दयानिता सिंग यांचे जग वेगळे आहे. जन्म 1961 चा, दिल्लीचा. शिक्षण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. त्यांच्या विद्यार्थिदशेतील प्रसंग आमच्या विद्यार्थ्यास फार आवडतो. उस्ताद झाकिर हुसेन यांच्या मैफिलीत छायाचित्र काढू पाहणाऱ्या या मुलीस आयोजकांपैकी कोणी ढकलले, ती पडली. बाहेर आल्यावर तिने उस्तादांनाच गाठून बजावले की आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी छायाचित्रकार होईन, मग पाहू. त्यातून ओळख वाढली, त्यांच्याबरोबर प्रवास घडला आणि 1986 साली त्यांच्यावरचे पुस्तक आले. पुढे परदेशी नियतकालिकांसाठी काम करताना त्यांना कळून चुकले की संपादकांस भारतातून ठरावीक चित्रेच हवी असतात: दारिद्र्य, वेश्यावस्ती, आपत्ती. त्यांनी ती वाट सोडली. 2001 च्या 'मायसेल्फ मोना अहमद' या पुस्तकात दिल्लीच्या कब्रस्तानात राहणाऱ्या एका हिजड्याचे आयुष्य आहे, आणि त्यातील मजकूर मोना यांचा स्वतःचा आहे. छायाचित्र दुसऱ्याने काढले तरी कहाणी ज्याची त्यानेच सांगितली, हा धडा येथे घेण्यासारखा आहे. 2022 साली त्यांना हॅसेलब्लाड पुरस्कार मिळाला. ज्यांच्याकडे साधने होती त्यांनी ती ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यापर्यंत पोहोचविली, एवढे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

शेवटचे नाव सातासमुद्रापलीकडचे आहे. लाटोया रूबी फ्रेझियर, जन्म 1982, गाव ब्रॅडॉक, राज्य पेनसिल्व्हेनिया. अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलाद कारखाना ज्या गावात उभा राहिला ते हे गाव. कार्नेगींच्या नावाने ग्रंथालये आहेत, सभागृहे आहेत. कारखान्यात राबलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा उल्लेख मात्र गावाच्या इतिहासात शोधावा लागतो. फ्रेझियर यांनी किशोरवयातच आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्यांची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला. प्रदूषणाने पोखरलेली शरीरे, ओस पडलेली घरे, 2010 साली बंद झालेले गावचे रुग्णालय. हे सर्व 2014 च्या 'द नोशन ऑफ फॅमिली' या पुस्तकात आहे. त्यातील एका चित्रापुढे आम्ही बराच वेळ थांबलो. पुढे आईचा बाजूने दिसणारा चेहरा, आणि त्यामागे मुलीचा समोरून दिसणारा, अर्धा झाकलेला चेहरा. दोन चेहरे मिळून जणू एकच. आई येथे केवळ 'विषय' नाही. अनेक चित्रे मायलेकींनी मिळून घडविली आहेत, काही आईने स्वतः काढली आहेत.

याच फ्रेझियर 2016 पासून मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात काम करू लागल्या. त्या शहराने 2014 साली पाण्याचा स्रोत बदलला आणि नळांच्या पाण्यात शिसे उतरले. फ्रेझियर तेथील एका कुटुंबाबरोबर राहिल्या, त्यांचे आयुष्य त्यांनी टिपले, आणि छायाचित्रांच्या विक्रीतून आलेला पैसा हवेतील बाष्पापासून पिण्याचे पाणी तयार करणारे यंत्र 2019 साली फ्लिंटमध्ये आणण्यासाठी लावला. पाणी कोणास मिळते आणि कोणास मिळत नाही, हा प्रश्न महाडच्या तळ्यावर गेलेल्यांच्या वंशजांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता थोडे तंत्राविषयी, कारण केवळ भावनेने छायाचित्र निघत नाही. आपल्या शाळेच्या जुन्या गटछायाचित्रांत मुलांचे चेहरे काळेकुट्ट, नाक-डोळे न कळणारे उमटलेले आहेत, हे अनेक माजी विद्यार्थ्यांस आठवत असेल. आम्ही त्यांवर हसत असू. आमच्या विद्यार्थ्याने त्याचे कारण सांगितले. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. मागे चुन्याची पांढरी भिंत आणि अंगात पांढरे सदरे असले की त्यास दृश्य फार उजळ वाटते, तो प्रकाश कमी करतो, आणि सावळे चेहरे अंधारात जातात. उलट काळ्या पडद्यापुढे तोच चेहरा राखेसारखा फिकट उमटतो. उपाय सोपा: मोजणी भिंतीवरून न करता चेहऱ्यावरून करावी, आणि उन्हाऐवजी व्हरांड्याच्या सावलीत, बाजूने येणाऱ्या प्रकाशात उभे करावे. रंगीत फिल्मच्या काळी तर छपाईची जुळणी करण्यासाठी प्रयोगशाळांत 'शर्ली कार्ड' असे, म्हणजे एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र. तिची त्वचा नीट उमटली की काम झाले. इतरांच्या त्वचेचे काय, हा प्रश्न कित्येक वर्षे कोणी विचारला नाही. तेव्हा आमच्या मुलांचे चेहरे बिघडविण्यात काही वाटा यंत्राचाही होता, आणि बराचसा त्या छायाचित्रकाराच्या घाईचा.

आणखी दोन गोष्टी त्याने आग्रहाने सांगितल्या. बसलेल्या माणसाचे छायाचित्र उभे राहून काढू नये. आपण गुडघ्यावर बसावे, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीस येतो आणि पाहणारा वरून पाहत नाही. आणि भिंग लांबचे न वापरता जवळ जाऊन, बोलून, परवानगी घेऊन काढावे. लांबून चोरून टिपलेल्या चेहऱ्यावर आपली ओळख नसते.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही कपाटातून ती जुनी फाईल काढली आणि ते छायाचित्र त्याच्या हाती दिले. कोपरा वाळवीने थोडा खाल्ला होता. तो पुष्कळ वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, फोकस गाडीवर आहे, बाबांवर नाही." आम्ही क्षमा मागितली, त्यावर तो संकोचला आणि विषय बदलून निघून गेला.

पुढे आठवड्याभराने त्याचा दूरध्वनी आला. या वर्षीच्या अभ्यासासाठी त्याने वडिलांचीच छायाचित्रे काढावयाचे ठरविले आहे. ते पुढील वर्षी सेवानिवृत्त होत आहेत. कामावरची काढावीत की घरची, हे त्याने वडिलांस विचारले. वडील म्हणाले, दोन्ही काढ. आंघोळ करून पांढरा सदरा घातल्यावरचेही काढ, गाडीबरोबरचेही काढ. मात्र खाली 'सफाई कामगार' एवढेच लिहू नकोस, माझे नाव लिही, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट.

ते नाव येथे छापण्याची परवानगी आम्ही अद्याप मागितलेली नाही. स्मरणिका प्रकाशनाच्या दिवशी ग्रंथालयाच्या भिंतीवर ही छायाचित्रे लागतील, तेथे ते वाचावयास मिळेल. फलक या वेळी विद्यार्थीच लावणार आहेत.