‘आता वास येत नाही’ : सांडपाणी केंद्रातील कामगारांचे आरोग्य

वाचकहो, गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एका भगिनीचे पत्र होते. त्यांचे यजमान नगरपरिषदेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ठेकेदारामार्फत ऑपरेटर आहेत, बहुतेक रात्रपाळीला. त्या लिहितात : "सुरुवातीचे दोन-तीन महिने त्यांना घरी आल्यावर जेवण जात नव्हते. वास नाकात बसलाय म्हणायचे. आता वास येत नाही, सवय झाली म्हणतात. फक्त पहाटे घरी येतात तेव्हा डोळे लाल असतात, चुरचुरतात, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते. सुटीच्या दिवशी बरे असतात. वय बेचाळीस आहे. चष्मा लागला असेल का?"

ताई, चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागतोच, त्यात नवल नाही. पण त्या चष्म्याला रविवारची सुटी नसते. पाळी केली की त्रास आणि सुटी घेतली की आराम, असे असेल तर कारण डोळ्यांत नसून कामाच्या जागी असण्याची शक्यता जास्त. रंगीत कडे काचबिंदूतही दिसते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यांतला दाब मोजून घ्याच. मात्र माझा पहिला संशय एका वायूवर आहे. त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. आपल्या जिल्ह्यात आता नगरपरिषदा, साखर कारखाने, दूधसंघ, मोठी रुग्णालये अशा अनेक ठिकाणी सांडपाण्याची केंद्रे उभी आहेत आणि तिथे अशीच माणसे पाळ्या करीत आहेत. म्हणून या पत्राचे उत्तर टपालाने न देता इथे देतो.

मैलापाणी तुंबून राहिले, त्यातली हवा संपली, की हवेशिवाय जगणारे जंतू वाढतात. ते पाण्यातल्या गंधकयुक्त क्षारांपासून हा वायू तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खाली बसतो. पाणी पहिल्यांदा येऊन पडते ती जागा, जाळीचा खड्डा, पंपाची विहीर, गाळाची टाकी, जमिनीखालचे व्हॉल्व्ह चेंबर ही त्याची घरे. वरून पाणी संथ दिसते, पण साचलेला गाळ काठीने ढवळला किंवा पंप सुरू केला की सोडावॉटरची बाटली फोडावी तसा तो एकदम सुटतो.

डोळ्यांचा हा आजार वैद्यकशास्त्राला नवा नाही. इटलीतील मोदेना येथे रामात्सिनी नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या घरचा मैलाखड्डा उपसणारा मजूर विलक्षण घाईने काम करीत होता. त्यांनी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की जास्त वेळ इथे राहिलो तर डोळे जातील. ही माणसे घरी गेल्यावर अंधाऱ्या खोलीत पडून कोमट पाण्याने डोळे धूत. त्यांच्या खिशातली नाणी काळी पडत, हेही रामात्सिनींनी टिपून ठेवले. त्यातूनच कामगारांच्या आजारांवरचे त्यांचे पुस्तक १७०० साली निघाले, आणि रोग्याला ‘तू काम काय करतोस?’ हे विचारायला डॉक्टर मंडळी शिकली. (सगळी नव्हेत. त्याबद्दल पुढे सांगतो.) यजमानांच्या बोटात चांदीची अंगठी असेल तर ती नेहमीपेक्षा लवकर काळवंडते का, ते पाहा. ती काही तपासणी नव्हे, पण खूण म्हणून उपयोगाची आहे.

आता ‘सवय झाली’ या शब्दांविषयी. हा वायू हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो. रोज थोडा-थोडा हुंगला की नाक त्याची दखल घेणे सोडते. सवय म्हणतात ती ही. हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत शंभराच्या आसपास गेले, की काही मिनिटांत वास घेणारी नसच बधिर होते. म्हणजे वायू वाढतो आणि वास नाहीसा होतो! माणसाला वाटते, हवा मोकळी झाली. पाचशेच्या पुढे थोड्याच वेळात शुद्ध हरपते. हजाराला एक-दोन श्वास पुरतात. तेव्हा ताई, वास येत नाही ही गोष्ट सुखाची समजू नका. ज्याचे नाक आधीच थकले आहे, त्याला धोक्याची ती पहिली सूचनाही मिळत नाही.

मग कळावे कसे? यंत्रानेच. मूठभर आकाराचा गॅस डिटेक्टर मिळतो. तो एकाच वेळी प्राणवायू, पेट घेणारा वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतो. खिशाला लावून फिरायचे. हायड्रोजन सल्फाइड दहावर गेला की बहुतेक यंत्रे ओरडतात. ओरडले की तिथून निघायचे, कारण नंतर शोधायचे. चेंबरमध्ये डोकावण्यापूर्वी यंत्र दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी मोजावे. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचे नाही. काम चालू असतानाही मोजणी थांबवू नये, कारण गाळ हलला की मघाची मोजणी शिळी होते.

आपल्याकडे विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढेच कळते. या विषारी वायूची माणूस मारण्याइतकी मात्रा असली तरी कंदील खुशाल जळत राहील. आणि मैलाखड्ड्यात मिथेन साठलेला असेल तर तोच कंदील भडका करील. तोंडाला बांधलेला रुमाल आणि धुळीचा मास्क यांचा वायूपुढे काडीचाही उपयोग नाही. प्राणवायूच कमी असलेल्या जागी डबीचा गॅस मास्कही निकामी. तिथे बाहेरून नळीने हवा पुरवणारा किंवा पाठीवर हवेचे सिलिंडर असलेला संचच लागतो.

या विषयात सगळ्यांत जास्त जीव कशाने जातात, तर मदतीला धावण्याने. जून २०१९ मध्ये गुजरातमधील डभोईजवळ एका हॉटेलच्या सेप्टिक टाकीत सात माणसे गेली. त्यांतले चौघे सफाईचे कामगार होते आणि तिघे हॉटेलचे नोकर. पहिला बाहेर येईना म्हणून दुसरा, दुसरा येईना म्हणून तिसरा. एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील वाकडी येथे बायोगॅसच्या खड्ड्यासारखी वापरली जाणारी पडीक विहीर होती. तीत पडलेल्या मांजराला काढायला माणसे एकामागून एक उतरली. पाच मरण पावली. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्या लोकांनी तो ओढला.

म्हणून केंद्रात आत जाणारा माणूस छातीच्या पट्ट्याला दोर लावूनच जावा, आणि वर दुसरा माणूस फक्त तो दोर धरायला असावा. त्याने विडी ओढायलाही जायचे नाही. आतला कोसळला तर वरच्याने उतरायचे नाही. दोर ओढायचा, ओरडायचे, ब्लोअरने आत हवा सोडायची, अग्निशमन दलाला आणि १०८ ला फोन करायचा. बाहेर काढलेल्याला मोकळ्या हवेत आडवे करून श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला लागावे. डोळ्यांदेखत भाऊबंद खाली पडलेला असताना वर उभे राहणे किती कठीण, ते मला कळते. पण हे आधी ठरलेले नसेल तर त्या क्षणी कोणाचीही बुद्धी चालत नाही. रात्रपाळीला एकटा माणूस असेल तर त्याने चेंबरचे झाकण उघडूच नये.

केंद्रातले दुसरे दोन धोके थोडक्यात. ज्या टाकीत खालून हवा सोडतात, तिथल्या फेसाळ पाण्यात पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही, कारण बुडबुड्यांनी पाणी हलके झालेले असते. कठड्याला दोरीसकट तरंगती रिंग टांगलेली हवी. जिथे क्लोरीनचे सिलिंडर आहेत तिथे गळती झाली तर वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला, उंचावर जावे. गळक्या सिलिंडरवर पाणी मारू नये, त्याने आम्ल तयार होऊन भोक मोठे होते.

आता तापाबद्दल, आणि माझ्या चुकीबद्दल. पुष्कळ वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एक तरुण ताप आणि अंगदुखी घेऊन माझ्याकडे आला. पोटऱ्या फार दुखतात म्हणाला. साथीचा ताप समजून मी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा डोळे पिवळे होते, लघवी कमी झाली होती. तेव्हा मी विचारले, काम काय करतोस? मैलापाण्याच्या पंपावर होता. पायाला जखम होती आणि बूट फाटके होते. तो लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारे हे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले, डायलिसिस झाले, सुदैवाने वाचला. माझ्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना छापलेलाच होता. मी तो कोरा सोडला होता.

म्हणून या कामातल्या प्रत्येकाने, ताप आला की नाव सांगण्याआधी काम सांगावे, आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. या आजाराला सुरुवातीच्या दिवसांत साधी प्रतिजैविके लागू पडतात, उशीर झाला तर मूत्रपिंडे जातात. त्या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडलेले आजार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत येतात. पण आजार कामातून आला हे दाखवायला काहीतरी लिहिलेले लागते.

धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. हिपॅटायटिस ‘बी’चे तीन डोस, शिवाय हिपॅटायटिस ‘ए’ आणि विषमज्वराची लस यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. जंताच्या गोळीचेही तसेच. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावून मगच हातमोजे घालावेत. ताई, तुमच्याकडचे काम इतकेच : त्यांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत गरम पाण्याने धुवा, मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. बूट उंबऱ्याबाहेर राहू द्या, आणि शक्य तर ते केंद्रातच ठेवू द्या. डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात आणि नखे धुतली जातात का, हे एकदा प्रेमाने विचारा.

यंत्र, दोर, लस हे सर्व द्यायचे कोणी? इथे नेहमीचा खेळ सुरू होतो. ठेकेदार म्हणतो नगरपरिषद देईल, नगरपरिषद म्हणते ठेक्यात लिहिले आहे. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहावा, प्रत ठेकेदाराला द्यावी, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. पाच-सहा जणांनी मिळून सही केली तर उत्तम. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे ‘उतरणार नाही’ म्हणणारा कामगार कामचुकार ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली, आणि कायमचे अपंगत्व येऊन कमाई थांबली तर किमान वीस लाख. गटार व सेप्टिक टाकीच्या कामगारांसाठी केंद्र सरकारची ‘नमस्ते’ योजना २०२३ पासून आहे. तीत कामगारांची नोंद करून सुरक्षा संच, प्रशिक्षण आणि आयुष्मान भारतचे कार्ड देण्याची तरतूद आहे. केंद्रातला ऑपरेटर तीत बसतो का, हे नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात विचारावे.

कामाचे शिक्षण हवे असेल तर केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने २०१३ मध्ये काढलेली मैलापाण्याची मोठी मार्गदर्शिका आहे. तिचा दुसरा भाग खास केंद्र चालवणाऱ्यांसाठी असून त्यात सुरक्षिततेचाही विचार आहे. ती विनामूल्य मिळते. अडचण एवढीच की ती इंग्रजीत आहे. घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल तर त्याने रोज दोन पाने बाबांना वाचून दाखवावीत. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र नाशिकला आहे. तिथे पाठवण्याची मागणीही वरच्याच अर्जात लिहिता येते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढचे पंधरा दिवस दोन खुणा करा. ज्या रात्री यजमान कामावर होते तिथे फुली, आणि ज्या सकाळी डोळे लाल होते तिथे गोल. जाळीचा खड्डा साफ केला असेल किंवा गाळ काढला असेल तर तेही लिहा. ते पान फाडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि त्याची एक झेरॉक्स अर्जाला जोडा.